बोपदेव–सासवड–दिवे घाट: सायकलचा फेरा परतीच्या टोकाकडून आखा

पुण्यात स्वारगेटहून निघायचं, कोंढव्यातून येवलेवाडी गाठून बोपदेव घाट चढायचा, भिवरी-चांबळीच्या माळावरून सासवडला जायचं आणि दिवे घाट उतरून हडपसरमार्गे घरी. अंतर साधारण ६० किलोमीटर, चढ सगळा मिळून ६०० मीटरच्या आसपास. सपाटीवर ४०-५० किलोमीटर जमायला लागले की पुण्यातले अनेक जण घाटाचा पहिला फेरा म्हणून हाच रस्ता धरतात आणि बरेच जण तो एकाच पद्धतीने बिघडवतात. बोपदेवची धास्ती असते, म्हणून सगळी तयारी बोपदेवची. बोपदेव होतो. मग सासवडला निवांत मिसळ, फोटो, गप्पा. दिवे घाटाच्या माथ्यावर पोचेपर्यंत साडेदहा वाजलेले असतात, पाणी संपलेलं असतं, समोरून वारा, मागून ट्रक आणि खाली हडपसरची कोंडी.

चढ कोणाचा जीव घेत नाही, फार तर दमवतो. गडबड होते ती परतीच्या २० किलोमीटरमध्ये. म्हणून आखणी तिथूनच सुरू करायची.

## १. घरी पोचायची वेळ आधी कागदावर लिहा

दिवे घाटाखालच्या वडकीपासून हडपसरपर्यंतच्या पट्ट्यात चढ नाही, फक्त गर्दी आहे. सकाळी साडेनऊच्या आत तो पार झाला तर ठीक. मध्यम वेगाच्या सायकलस्वारासाठी शेवटून मांडलेला हिशेब असा:

- हडपसर ते स्वारगेट: ३० मिनिटं
- दिवे घाटाचा माथा ते हडपसर: ३० मिनिटं
- सासवड ते दिवे घाटाचा माथा: ३० मिनिटं
- सासवडचा थांबा: २० मिनिटं
- बोपदेवचा माथा ते सासवड: ४५ मिनिटं
- बोपदेवचा चढ: ३० मिनिटं
- कोंढव्याचा खडी मशीन चौक ते बोपदेवचा पायथा: १५ मिनिटं
- स्वारगेट ते खडी मशीन चौक: ३० मिनिटं

बेरीज तीन तास पन्नास मिनिटं. दहाला घरी यायचं तर सहा वाजून दहा मिनिटांनी चाकं फिरायला हवीत. 'सहाला भेटू' म्हणजे साडेसहाला निघू, हे आपल्याकडे ठरलेलंच आहे, तेवढी वजाबाकी आधीच करा. एका पंक्चरचे २० मिनिटं धरली तर निघायची वेळ पावणेसहा.

इथे हिवाळा आडवा येतो. जूनच्या सुरुवातीला पुण्यात सहाच्या आत सूर्य उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. जानेवारीत पावणेसहाला निघालात तर साडेसहाला अंधारात पायथ्याशी उभे राहाल. बोपदेव अंधारात चढायचा नाही. वळणावर समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की कडेची खडी दिसत नाही, आणि या घाटात एकट्यादुकट्याला लुटण्याच्या घटना घडलेल्या आहेत. थंडीत साडेसहाला निघा, सासवडचा थांबा दहा मिनिटांवर आणा, आणि घरी सव्वादहा होतील हे आधीच सांगून ठेवा.

वारही महत्त्वाचा. सगळे रविवारी निघतात, पण रविवार खंडोबाचा. जेजुरीला जाणाऱ्या गाड्या याच दिवे घाटातून आणि सासवडमधून जातात. शनिवार बरा. सोमवती अमावस्येला या रस्त्याचं नावच काढू नका. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी जाते. त्या दिवशी घाटात वाहनं सोडत नाहीत, त्यामुळे वारीच्या तारखा पाहूनच बेत करा.

वाऱ्याचं गणितही परतीचंच. सासवडहून पुण्याकडे येताना तोंड वायव्येला असतं. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा आणि उन्हाळ्यातला दुपारचा वारा, दोन्ही तोंडावर येतात. जाताना 'आज पाय छान चालतायत' असं वाटलं की समजा, वारा पाठीवर आहे आणि त्याची वसुली सासवडनंतर होणार आहे.

## २. नकाशावर किलोमीटर नको, चढ वाचा

६० किलोमीटर सपाट रस्ता आणि हे ६० किलोमीटर यांचा संबंध नाही. वेळेचा अंदाज काढायची सोपी रीत: अंतराला २५ ने भागा, एकूण चढाच्या मीटरना ६०० ने भागा, दोन्ही तासांची बेरीज करा. इथे २.४ अधिक १, म्हणजे सुमारे साडेतीन तास. थांबा वेगळा. वर कलमवार काढलेल्या वेळेशी हे जवळपास जुळतं. नवखा असेल तर २५ च्या जागी २२ आणि ६०० च्या जागी ५०० घ्या.

दर किलोमीटरला सरासरी १० मीटर चढ म्हणजे चढउताराचा रस्ता. १५ च्या वर गेला की डोंगराळ. आपला फेरा १० च्या आसपास येतो आणि इथेच फसगत होते, कारण अर्ध्याहून जास्त चढ पहिल्या १६ किलोमीटरमध्ये कोंबलेला आहे. ॲपमधली सरासरी टक्केवारी पाहून समाधान मानू नका. उंचीचा आलेख उघडा, बोट ठेवून अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरचा तुकडा वाचा. सरासरी ६ टक्क्यांच्या, म्हणजे १०० मीटरला ६ मीटर चढाच्या घाटात ९-१० टक्क्यांचे तुकडे लपलेले असतात.

> तपासा: मार्गाची फाइल फोनमध्ये ऑफलाइन उतरवली आहे का? घाटात रेंज जाते. आणि ॲपने 'जवळचा रस्ता' म्हणून एखादी पाणंद घुसवली नाही ना, हे उपग्रह चित्रात पाहून घ्या. २८ मिलिमीटरच्या टायरला पाणंद चालत नाही.

## ३. गिअर मोजा

चढाला दम लागतो तेव्हा लोक तब्येतीला दोष देतात. बऱ्याचदा दोष दातांचा असतो. पुढची लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती यांचे दात मोजा आणि भागाकार करा. तो जितका लहान, तितका गिअर हलका.

समजा स्वार, सायकल, पाणी मिळून ८५ किलो, चढ ८ टक्के आणि मिनिटाला ६० पॅडल. त्याखाली फिरवलं की गुडघे बोलायला लागतात. मग:

- पुढे ३९, मागे २५: वेग ताशी सुमारे १२ किलोमीटर आणि लागणारी ताकद सुमारे २४० वॅट.
- पुढे ३४, मागे २८: वेग सुमारे ९, ताकद सुमारे १८५ वॅट.
- पुढे ३४, मागे ३४: वेग साडेसातच्या आसपास, ताकद सुमारे १५० वॅट.

अर्धा तास २४० वॅट काढणारे थोडे. १५० बऱ्याच जणांना जमतात. जुन्या सायकलवर ३९-२५ असेल तर नव्या चाकांवर खर्च करण्याआधी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदला. दुकानात एक गोष्ट विचारायची: मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) किती दातांपर्यंत चालतो? लहान पिंजऱ्याचे बरेच डिरेलर २८-३० दातांवर थांबतात. तिथे ३४ ची कॅसेट जबरदस्तीने बसवली की वरची पुली चकतीला घासते. कॅसेट मोठी केली तर चेनची लांबीही नव्याने मोजायला सांगा. आखूड चेनवर पुढे मोठी, मागे मोठी असा गिअर चुकून पडला तर डिरेलर ओढला जाऊन मोडतो.

## ४. आदल्या रात्री सायकल

सकाळी साडेपाचला सापडलेला बिघाड दुरुस्त होत नाही, म्हणून हे रात्रीच.

ब्रेक. दोन्ही लिव्हर जोरात दाबा. लिव्हर आणि हँडल यांच्यात बोटभर जागा उरायलाच हवी. रिम ब्रेक, म्हणजे चाकाची कड दाबणारा ब्रेक, असेल तर ब्रेक शूवरच्या खाचा दिसतात का पाहा. पुसल्या असतील तर शू बदला. शूमध्ये रुतलेले ॲल्युमिनियमचे चमकते कण टाचणीने काढा, नाहीतर उतारावर करकर वाजत ते रिम खातील. डिस्क ब्रेक असेल तर चेनचं तेल फवारताना रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, झाका. तेलाचा एक थेंब पॅडवर गेला की पॅड बाद.

हवा. ७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये पुढे ६५, मागे ७० पीएसआय पुरते. २५ च्या टायरला ८०-८५. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते. १०० भरली की खडबडीत डांबरावर चाक उड्या मारतं, आणि उड्या मारणाऱ्या चाकाला ब्रेक लागत नाही. पावसात आणखी ५ कमी.

थैली. दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅचचं पाकीट, पंप, ॲलन कीचा संच, जुन्या सुती कापडाचा हातभर तुकडा. शेवटची वस्तू सगळे विसरतात आणि तिचं काम मोठं आहे. रस्त्याकडेला बाभळीचे काटे असतातच, पण जास्त छळते ती तार. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या आतल्या पोलादी तारा साईडपट्टीवर विखुरतात. केसाएवढी जाड, दोन-तीन मिलिमीटर लांब. ती टायरमधून आत शिरते आणि बाहेरून दिसत नाही. आतून बोट फिरवलं तर कधी लागते, कधी नाही. कापड मात्र फिरवलं की धागा अडकतो.

पंक्चर काढायचा क्रम त्यामुळे असा:

1. ट्यूब पूर्ण बाहेर काढण्याआधी व्हॉल्व्ह टायरवर कुठे होता ते लक्षात ठेवा.
2. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा.
3. ट्यूब टायरवर धरून भोकासमोरची जागा पाहा. काटा तिथेच असणार.
4. कापड आतून दोन्ही दिशांनी फिरवा.
5. काटा किंवा तार काढल्यावरच नवी ट्यूब घाला, आधी तिच्यात गोल होईल इतकीच हवा भरून.

तिसरी पायरी गाळली की दुसरी ट्यूब पाच किलोमीटरवर जाते. शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर तो काटा नव्हे. हवा कमी होती आणि ट्यूब रिमवर आपटून चिमटली.

## ५. पाणी आणि खाणं

दोन बाटल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पाकीट एक लिटरचं असतं, त्यामुळे ७५० मिलीच्या बाटलीत पूर्ण रिकामं करू नका. घरी करायचं असेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

खाण्यात तासाला ४०-६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात साधारण २५ असतात. पहिलं केळं कोंढव्यातच, भूक नसताना. भूक लागल्यावर खाल्लेलं अर्ध्या तासाने कामाला येतं आणि तोवर घाट संपलेला असतो. राजगिऱ्याची चिक्की खिशात ठेवायला केळ्यापेक्षा सोयीची. मे महिन्यात गुळाची मात्र वितळते.

## ६. स्वारगेट ते पायथा: जोर काढू नका

हा रस्ता सपाट वाटतो, पण हळूहळू चढत असतो. कोंढवा-येवलेवाडी पट्ट्यात डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर पहाटेपासून चालू असतात. ते वाळू, खडी सांडतात आणि ती वळणांवर साचते. डंपरच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. चौकात तो डावीकडे वळला की चालकाला तुम्ही दिसत नाही. त्याच्या मागे थांबणं कमीपणाचं नाही.

> तपासा, पायथ्याशी: मागचा लाल दिवा लागला आहे का? पुढची चकती लहान केली का? चढाच्या मध्यावर, पायात पूर्ण जोर असताना पुढचा गिअर बदलला तर चेन पडते.

## ७. बोपदेव

साधारण चार किलोमीटर, दोनशे मीटरच्या वर चढ. पहिल्या किलोमीटरला इतक्या सावकाश जा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. अर्धी वाक्यं येत असतील तर वेग जास्त आहे. शेवटच्या किलोमीटरला हवं तर श्वास फुलू द्या.

वळणाच्या आतल्या कडेला चढ सगळ्यात तीव्र असतो, बाहेरच्या कडेला कमी. डावं वळण आलं आणि मागे गाडी नाही याची खात्री असेल तर कडेपासून मीटरभर बाहेर राहा. उजव्या वळणाला मात्र आपली डावी बाजू सोडून आत कापायचं नाही. वरून येणारा दुचाकीवाला तिथेच रेष ओलांडत असतो.

उभं राहून मारायचं असेल तर आधी एक गिअर जड करा, मग उठा. हलक्या गिअरवर उठलं की पाय रिकामा फिरतो, सायकल क्षणभर मागे सरकते आणि पाठीमागच्याचं चाक तुमच्या चाकाला लागतं. गटात पडतात ते असेच.

थांबावंसं वाटलं तर थांबा, पण वळणानंतरच्या सरळ भागात आणि रस्त्याच्या पूर्ण बाहेर.

## ८. माथा ते सासवड: इथे रस्ता फसवतो

माथ्यावर घामेजलेल्या अंगाला वारा लागतो. थंडीत पातळ जाकीट इथे घालायचं, खाली गेल्यावर नव्हे.

भिवरीकडे उतार लागला की वाटतं, झालं. मग छोटे चढउतार सुरू होतात. एकही मोठा नाही, पण प्रत्येक चढाला लोक मोठ्या चकतीवर जोर लावून 'मारून नेतात' आणि पाचव्या-सहाव्या चढाला मांड्या जड होतात. उतारावर पॅडल मारणं थांबवू नका, हलकं फिरवत राहा. पुढचा चढ सुरू होण्याच्या वीस-तीस मीटर आधी मागचा गिअर हलका करा. चढ लागल्यावर बदलायला गेलात तर चेन कुरकुरते आणि वेग तोवर गेलेला असतो.

गावाच्या तोंडाशी गतिरोधक असतात, त्यातल्या कित्येकांवर पांढरे पट्टे उरलेले नसतात. पुढच्या दुचाकीचा मागचा दिवा लागला किंवा तिची मागची सीट उडाली की समजायचं.

कुत्रं अंगावर आलं तर सायकल जोरात पळवणं ही पहिली चूक आणि लाथ मारणं दुसरी, कारण तेव्हा एक पाय पॅडलवर नसतो. वेग कमी करा, मोठ्याने दरडावा. तरीही आलं तर उतरून सायकल मध्ये धरा. थांबलेल्या माणसात त्याला सहसा रस राहत नाही.

> इशारा: ऊस गाळपाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारापासून मार्चपर्यंत, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या लागतात. मागची ट्रॉली डोलते आणि तिला दिवा असेलच असं नाही. पहिली ओलांडली म्हणजे ट्रॅक्टर ओलांडला असं धरू नका.

## ९. सासवडचा थांबा: वीस मिनिटं आणि एक निर्णय

आल्याआल्या बाटल्या भरा, खाणं नंतर. पोहे किंवा इडली चालेल. तर्रीची मिसळ आणि दोन वडे खाऊन वाऱ्याविरुद्ध दहा किलोमीटर जायचं असतं, हे ऑर्डर देताना आठवा. सीताफळाचा किंवा अंजिराचा हंगाम असेल तर रस्त्यावर पाट्या दिसतील. चार फळं खा, दोन किलो विकत घेऊन पाठीवर लादू नका.

मग घड्याळ पाहा. पावणेनऊच्या आत सासवड सोडत असाल तर दिवे घाट. सव्वानऊ वाजून गेले असतील, पाऊस लागला असेल किंवा ब्रेकबद्दल शंका असेल तर तिथूनच टेम्पो ठरवा. पाच-सहा जणांत वाटून घेतलं तर भाडं फार होत नाही. आल्या वाटेने बोपदेव उतरायचा मोह होतो, पण नवख्याने तो टाळावा. वळणं आवळ आहेत, उतार दिवे घाटापेक्षा तीव्र आहे आणि चढताना जी खडी दिसलीच नव्हती ती उतरताना चाकाखाली येते.

## १०. दिवे घाट उतरताना

सासवडहून माथ्यापर्यंत रस्ता मोठा आणि वेगवान. साईडपट्टी स्वच्छ असेल तिथे तिच्यावर, नसेल तिथे पांढऱ्या पट्टीच्या थोडं आत, सरळ रेषेत. साईडपट्टीवर जा-ये करत नागमोडी चालणारी सायकल मागच्या ट्रकला कळत नाही. माथ्याच्या भागात विठ्ठलाची उंच मूर्ती आहे. तिथे गाड्या सूचना न देता कडेला घेतात आणि दारं उघडतात.

उताराआधी थांबून पाहायचं: दोन्ही ब्रेक, टायरची हवा अंगठ्याने, हेल्मेटचा पट्टा. मग:

1. हात हँडलच्या खालच्या वळणावर. वरून ब्रेक दाबायला जोर पुरत नाही.
2. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दोन-तीन सेकंद ठाम दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सतत दाबलेला रिम ब्रेक रिम इतकी तापवतो की ट्यूब फुटू शकते.
3. वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावर कमी करा. वळणात ब्रेक लावला तर चाक सरकतं.
4. वळणाच्या आतल्या बाजूचं पॅडल वर, बाहेरचं खाली आणि वजन त्या बाहेरच्या पायावर.
5. नजर वळण जिथे संपतं तिथे. खड्ड्याकडे पाहिलं की सायकल खड्ड्यातच जाते.

कोरड्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने थांबायला साधारण २५ मीटर लागतात, ५० ला ३५. समोरची जेवढी जागा दिसते तेवढ्यात थांबता येईल, तोच तुमचा वेग. ट्रक हळू उतरत असेल तर तीस मीटर मागे राहा, ओलांडू नका. त्याच्या पुढे काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. रस्त्याचं काम चालू असेल तिथे डांबराच्या दोन थरांमधली उभी कड चाकाला समांतर येते. ती शक्य तितकी काटकोनात कापायची, अगदी सावकाश.

> पावसाळ्यात: पहिल्या एक-दोन सरी सगळ्यात वाईट. रस्त्यावरचं तेल वर येतं आणि धुऊन गेलेलं नसतं. रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं आणि ओली पानं यांवर ब्रेकही नको आणि वळणही नको. रिम ब्रेक ओला असला की चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत फक्त पाणी पुसतो, त्यानंतर धरतो.

## ११. वडकी ते घर

उतार संपला की मनाचा ताबा सुटतो. या रस्त्यावर जपायचं ते वडकीच्या पुढे: चुकीच्या बाजूने येणाऱ्या दुचाकी, थांब्यावर आडव्या लागलेल्या बस आणि रिक्षा. उभ्या गाड्यांपासून दाराएवढं, म्हणजे मीटरभर अंतर ठेवा. गट असेल तर इथून एकामागे एक.

घरी आल्यावर दोन कामं. पहिलं, कागदावरच्या आठ टप्प्यांसमोर खऱ्या वेळा लिहा. चूक बहुधा सासवडच्या रकान्यात सापडते. दुसरं, सायकल उलटी करून दोन्ही टायर हळूहळू फिरवा आणि रबरात रुतलेली काच, तार, खडे टाचणीने काढा. आज रुतलेली काच आजच ट्यूबपर्यंत पोचते असं नाही. ती दर फेऱ्याला थोडी आत सरकते आणि 'काहीच लागलं नव्हतं, तरी पंक्चर' ते तिसऱ्या शनिवारी होतं.